साहेबांचा गळा आणि घरचं बेसिन

ताई, नमस्कार. मी नाशिकची. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या बिलिंगचं काम आमच्या ऑफिसात चालतं, तिथे मी अकरा वर्षं आहे. आमचे तिकडचे मॅनेजर या महिनाअखेरीस रिटायर होतायत. मी त्यांना निरोपाचं मेल लिहिलं. लॉकडाउनमध्ये माझे सासरे गेले तेव्हा माझं काम त्यांनी कुणाला न सांगता पंधरा दिवस स्वतः केलं होतं, तेही त्यात लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘आय गॉट ऑल चोक्ड अप रीडिंग धिस.’

त्याच दिवशी सकाळी आमचं स्वयंपाकघरातलं बेसिन चोकअप झालं होतं आणि प्लंबर येतो येतो म्हणून येत नव्हता. माझ्या डोक्यात तेच. मला वाटलं ह्यांना ठसका लागला, नाहीतर छातीत कफ झालाय. मी लगेच लिहिलं, काळजी घ्या, कोमट पाणी प्या, वाफ घ्या, दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर ‘हा हा, आय ॲम फाइन!’ एवढंच आलं. मुलीला दाखवलं तर ती सोफ्यावर लोळून हसली आणि म्हणाली, अगं आई, ते रडले असतील.

खरंच रडले का? ‘ब्रेक डाउन’ म्हणजेही रडणंच ना, मग फरक काय? शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर निरोप समारंभ आहे, मला दोन शब्द बोलायचेत. झाल्या प्रकाराचा खुलासा करू की गप्प बसू? आणि बोलताना माझंच काही झालं तर?
– बेसिनवाली, नाशिक

बेसिनवालीताई,

तुम्ही फार काही बिघडवलेलं नाही. गळा दाटलेल्या माणसापुढे पाण्याचा तांब्या ठेवावा हे आपल्याकडे कुठलीही आत्या सांगेल. तुम्ही पाणी बरोबर दिलंत, फक्त दुखणं चुकीचं धरलंत. साहेबांचा गळा कफाने दाटला नव्हता, तुमच्या पत्राने दाटला होता. तुमची मुलगीही अर्धीच बरोबर आहे. ते रडले असं त्या वाक्यात नाही. रडू गळ्यापर्यंत आलं आणि तिथे अडलं, एवढंच आहे.

घोटाळ्याचं मूळ असं की चोकअप हा शब्द आपण केव्हाच मराठी करून टाकलाय. गटार चोकअप, नाक चोकअप, काकांच्या तीन नळ्या चोकअप. ज्यांनी थंडीत स्कूटर तिरकी करून, चोक ओढून किका मारल्यात त्यांना तो चोकही आठवत असेल. हवेची वाट आवळायची, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जातं आणि गार गाडी सुरू होते. म्हणजे कल्पना सगळीकडे एकच, वाट अरुंद होणं. पण इंग्रजीत जेव्हा ‘मी’ चोक अप होतो, तेव्हा वाट एकाच गोष्टीची अडते, आवाजाची. (तुमच्या बेसिनसाठी अमेरिकन माणूस ‘क्लॉग्ड’ म्हणेल आणि इंग्रज ‘ब्लॉक्ड’. साहेबांना बेसिनची गोष्ट सांगायची वेळ आली तर लक्षात ठेवा. येणार आहे ती वेळ, पुढे बघा.)

मी इंग्रजी शिकवते तेव्हा भावनांचे हे शब्द नेहमी जिन्यासारखे सांगते, कारण आपली भाषा तो जिना आधीच बांधून बसलीय. ऊर भरून येतो. मग कंठ दाटून येतो. मग डोळे भरून येतात. आणि मग हुंदका फुटतो. भावना खालून वर चढते आणि कुठल्या पायरीवर पोचली त्याप्रमाणे शब्द बदलतो. इंग्रजीतही तसंच. कंठाच्या पायरीवर चोक अप, डोळ्यांच्या पायरीवर टिअर अप, आणि बांध फुटला की ब्रेक डाउन. गंमत बघा, चढत असते तोवर ‘अप’, कोसळली की ‘डाउन’.

आपल्याकडे ते ‘अप’चं काम कोण करतं? ‘येणे’ करतं. दाटून येणं, भरून येणं, गहिवरून येणं, उचंबळून येणं. नुसतं ‘दाटणं’ ढगांनाही चालतं, पण ‘दाटून आलं’ म्हटलं की आपोआप, आपल्याला न विचारता, आतून काहीतरी आपल्यापर्यंत पोचलं असा अर्थ होतो. म्हणून आपण ‘मला गहिवरून आलं’ म्हणतो. ‘मी’ नव्हे, ‘मला’. मराठीत भावना येते आणि माणूस नुसता दारात उभा असतो. इंग्रजीत माणसालाच कर्ता व्हावं लागतं, ‘आय चोक्ड अप’. आपल्या लोकांची जीभ इथे अडखळते. मराठीतून उचलून ‘इट चोक्ड अप टू मी’ असलं काहीतरी म्हणणारे विद्यार्थी मी पाहिलेत. ‘मला’ सांभाळायचाच असेल तर इंग्रजीत त्याची एक सोय आहे, ‘इट चोक्स मी अप’. म्हणजे ते गाणं, ते पत्र, ती आठवण माझा गळा दाटवते. हे वाक्य आपल्या मनाच्या जास्त जवळचं आहे.

बरं, गळाच का? शरीरशास्त्रवाले सांगतात की भावना अनावर झाली की शरीर जास्त हवा आत घ्यायला बघतं, त्यासाठी घशातली फट उघडी ठेवतं. आपण मात्र आवंढा गिळत असतो, आणि गिळताना ती फट मिटावी लागते. त्या ओढाताणीत घशात गोळा आल्यासारखं वाटतं. हे ज्ञान नव्हतं तेव्हाही निरीक्षण होतंच. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांमध्ये, म्हणजे भावना दाटली की अंगावर आपोआप दिसणाऱ्या खुणांमध्ये, घाम आहे, रोमांच आहे, अश्रू आहेत, आणि अश्रूंपासून वेगळा मोजलेला स्वरभंगही आहे. आवाज फुटणं ही स्वतंत्र गोष्ट आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्व म्हणतात की अश्रू आवरून धरल्यामुळे माझा कंठ दाटलाय, आणि मी वनात राहणारा असून माझं हे होतं तर संसारी बापांचं काय होत असेल. अश्रू आवरून धरल्यामुळे! चोक अपची इतकी नेमकी व्याख्या मला इंग्रजी कोशात सापडलेली नाही.

माझ्या वडिलांचं सांगते. ते वनवासी नव्हते, पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते. माझ्या पाठवणीच्या वेळी आई, मावश्या, शेजारच्या काकू सगळ्यांनी रडून घेतलं. वडील गाडीच्या मागे उभे. टपावर माझ्या दोन ट्रंका सुतळीने बांधल्या होत्या, त्यांची गाठ त्यांनी ओढून पाहिली. मग सोडली आणि पुन्हा बांधली. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि काही निघेना. मग खाकरले. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, “स्टेपनीत हवा बघितलीत का?” तो आवाज त्यांचा नव्हता, बारीक आणि चिरका होता. डोळे कोरडे ठणठणीत. त्या क्षणी माझे वडील चोक्ट अप होते. माझी आई ब्रोक डाउन झाली होती. दोघांचं दुःख सारखंच होतं, पायरी वेगळी होती.

(मी आता ‘चोक्ड’ सोडून ‘चोक्ट’ लिहायला लागले, लक्षात आलं असेल. उच्चार तोच आहे. लिहिताना ड दिसतो, पण बोलताना ट होतो, आणि पुढच्या ‘अप’ला चिकटून ‘चोक्टप’ असं एका दमात निघतं. शुक्रवारी बोलायचंय म्हणून सांगितलं.)

सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण हवं असेल तर १६ नोव्हेंबर २०१३, वानखेडेवर सचिनचं निरोपाचं भाषण. सचिनच्या हातात नावांची यादी होती, कुणी राहू नये म्हणून. लोक थांबेनात. त्याने मित्रांनो शांत व्हा म्हटलं, मला बोलू द्या, नाहीतर मी आणखीच भावुक होईन. मग बावीस यार्डांमधली चोवीस वर्षं संपतायत असं काहीसं म्हणाला, आणि बोलता बोलता एकदा हेही की बोलणं जरा अवघड जातंय पण जमवतो. ते सगळं भाषण चोक अपच्या पायरीवर उभं आहे. त्याने आवाज धरून ठेवला आणि यादी पूर्ण केली. नंतर एकटा खेळपट्टीपाशी गेला, वाकून तिला हात लावला, तेव्हा पाणी डोळ्यांत आलं. ती पुढची पायरी.

आणि ब्रेक डाउन पाहायचं तर २००९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल. नदालकडून हरल्यावर फेडरर माइकसमोर आला, दोन शब्द बोलला आणि त्याला पुढे बोलताच येईना. बांध फुटला. बक्षीस समारंभ मध्येच थांबवावा लागला. तिथे ‘चोक्ट अप’ म्हटलं तर फार कमी सांगितल्यासारखं होतं. उलट तुमच्या साहेबांच्या बाबतीत कुणाला ‘ही ब्रोक डाउन’ म्हणून सांगाल, तर ऐकणारा त्यांना सांभाळायला कोण होतं ते विचारेल. ब्रेक डाउनमध्ये माणसाचा ताबा सुटतो, चोक अपमध्ये तो थोडक्यात वाचलेला असतो.

टिअर अपबद्दल एक धोक्याची सूचना, फक्त लिहिण्यापुरती. इंग्रजीत डोळ्यांतलं पाणी आणि कागद फाडणं या दोन्हींचं स्पेलिंग एकच आहे. बोलताना टिअर आणि टेअर वेगळे ऐकू येतात, मेलमध्ये दोन्ही सारखे दिसतात. तुम्ही लिहाल की तुमचं पत्र वाचून माझे डोळे भरून येतात, आणि समोरचा घाईत वाचेल की मी तुमचं पत्र फाडते. भूतकाळात ते वेगळे होतात, टिअर्ड अप आणि टोअर अप, तेव्हा शक्यतो भूतकाळातच लिहा. एक गैरसमज पुरे झाला.

आता सगळ्यात मोठा खड्डा, ज्यात मी स्वतः पडलेय. ‘अप’ विसरायचा नाही. नुसतं ‘चोक’ म्हणजे एकतर घास अडकणं, किंवा ऐन मोक्याच्या वेळी कच खाणं. क्रिकेटवाल्यांना हे सांगायला नको. १९९९ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, एजबॅस्टन. दक्षिण आफ्रिकेला जिंकायला एक धाव हवी होती, क्लूसनर धावला, डोनल्ड पलीकडे उभाच राहिला, धावबाद, सामना बरोबरीत, आणि ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत. दक्षिण आफ्रिकेला ‘चोकर्स’ हा शब्द असा चिकटला की पार जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपद जिंकल्यावर तो सुटला. तर, काही वर्षांपूर्वी एका शिक्षक परिषदेत मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंबद्दल बोलले. बोलताना आवाज दाटला. खाली उतरल्यावर शेजारच्या पाहुणीला मी नम्रपणे म्हटलं, ‘सॉरी, आय चोक्ट.’ ती बिचारी कासावीस झाली. नाही नाही, तुम्ही किती छान बोललात, मुळीच फसलं नाही, लोकांना आवडलं, असं पाच मिनिटं समजावत राहिली. मला कळेना की ही माझी एवढी समजूत का काढतेय. दोन अक्षरांचा ‘अप’ खाल्ला म्हणून मी माझ्याच तोंडाने माझं भाषण पाडलं होतं.

उलट दिशेचा ‘चोक बॅक’ही आहे. तो म्हणजे हुंदका किंवा आवंढा गिळणं, मुद्दाम. चोक अप होतं, चोक बॅक करावं लागतं. माझ्या वडिलांनी सुतळीची गाठ सोडून पुन्हा बांधली ना, ते चोक बॅक. आणि एखादा अमेरिकन बेसबॉल बघताना ‘चोक अप ऑन द बॅट’ म्हणाला तर रुमाल काढू नका. बॅट थोडी वर पकड म्हणतोय तो, फटक्याचा जोर कमी पण ताबा जास्त.

वापराचं बाकीचं थोडक्यात. बोलीतला शब्द आहे, मित्राला, सहकाऱ्याला, अगदी साहेबालाही चालतो. कंपनीच्या लेटरहेडवरच्या शोकसंदेशात नको. ‘गेट’ लावून जास्त ऐकू येतो, ‘आय गेट चोक्ट अप व्हेन…’ किंवा ‘चोक्ट अप अबाउट’ अमुक. आणि त्याच्या आधी दोन छोटे शब्द येतात, ज्यांच्यावरून वजन कळतं. ‘अ लिटल चोक्ट अप’ म्हणणारा संकोचाने सांगतोय. ‘ऑल चोक्ट अप’ म्हणणारा संकोच सोडून सांगतोय. तुमच्या साहेबांनी ‘ऑल’ लिहिलंय, तेही ऑफिसच्या मेलमध्ये, तेही तुमच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावरून. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या वाक्यात तोच शब्द मौल्यवान आहे. पुरुषांना ‘मी रडलो’ म्हणणं तिकडेही सोपं नसतं. चोक अप ही त्यांना भाषेने दिलेली सन्मानाची पळवाट आहे, खरं तेही सांगता येतं आणि पापण्या कोरड्या होत्या असंही म्हणता येतं. असं वाक्य ऑफिसच्या माणसाला कुणी उगाच लिहीत नाही, आणि त्यावर तुम्ही त्यांना वाफ घ्यायला सांगितलीत! हसू येतंय मला, माफ करा.

आता खुलासा. करा, नक्की करा, पण लांबलचक माफीनामा नको. आपल्याला सवय असते, तीन वेळा सॉरी, मग ‘काइंडली एक्स्क्यूज’, मग पुन्हा सॉरी. त्याने समोरचा अवघडतो. शिवाय त्यांनी ‘हा हा’ लिहिलंय, म्हणजे त्यांना बहुतेक कळलंय आणि आवडलंय. तेव्हा खुलासा कॉलवरच करा, गोष्ट म्हणून. सांगा की त्या दिवशी माझं किचन सिंक क्लॉग्ड होतं, आमच्याकडे त्यालाही आम्ही चोक्ट अप म्हणतो, आणि म्हणून मी तुम्हाला डॉक्टरकडे पाठवत होते. सगळे हसतील. निरोपाच्या कॉलवर पहिल्या मिनिटाला कुणीतरी हसवलं की पुढचं सगळ्यांनाच सोपं जातं, बोलणाऱ्यालाही.

मग सासऱ्यांची गोष्ट. ती मेलमध्ये लिहिलीय म्हणून गाळू नका. बाकीच्यांनी ती ऐकलेली नाही. पंधरा दिवस, कुणाला न सांगता, एवढंच पुरे. त्यांच्या मोठेपणाची विशेषणं लावू नका, ती इंग्रजीत फार लवकर खोटी वाटतात. आणि त्यांच्या त्या वाक्याला तुम्ही उत्तर असं दिलेलंच नाही, ते आता द्या. कुणी ‘तुझं वाचून गळा दाटला’ म्हटलं तर इंग्रजीत ‘टेक केअर’ म्हणत नाहीत, ‘दॅट मीन्स अ लॉट टू मी’ म्हणतात.

तुमचंच काही झालं तर? होईल, असं मी धरूनच चालते. अकरा वर्षं आहेत. आवाज चिरकला तर घाईने बोलत सुटू नका, त्याने तो आणखी चिरकतो. थांबा. शेजारी पेला भरून ठेवा, कोमट चालेल. एक घोट घ्या आणि म्हणा, ‘सॉरी, आय ॲम गेटिंग अ लिटल चोक्ट अप. गिव्ह मी अ सेकंद.’ मोठ्याने चार वेळा म्हणून बघा आजपासूनच, मुलीसमोर. हसू दे तिला.

आणि तरी शब्द फुटलेच नाहीत, तर स्टेपनीत हवा बघितलीत का असं विचारलंत तरी चालेल. ते समजतील.